दाद कुणाकडे मागायची?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मुशायऱ्यात शेर आवडला की लोक दाद देतात आणि अन्याय झाला की माणूस कोर्टात जाऊन दाद मागतो. शब्द एकच. मी मराठीत कविता लिहितो, त्यामुळे शब्दांच्या मुळाशी जायची खोड जुनी आहे. 'दाद' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थच न्याय. 'फिर्याद'ही फारसीतली. 'अर्ज', 'वकील', 'हुकूम' हे अरबीतून आले, 'अपील' इंग्रजांबरोबर आलं. जशी राज्यं बदलली तसे कोर्टकचेरीचे शब्द बदलले. 'शिक्षा' आणि 'फाशी' तेवढे आपले घरचे राहिले!

हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते मोऱ्याला. मोरा म्हणजे उरणचं बंदर. जुन्या सरकारी कागदांत उरण हा पनवेल तालुक्याचा पेटा म्हणून दाखवलेला असे. समोर मुंबई दिसते, मध्ये खाडी आणि भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच. माझे आजोबा तरुणपणी बंदरावर बसून लोकांना अर्ज लिहून द्यायचे. मिठागरांवरची माणसं, खलाशी, कोळी, आगरी, ज्यांना लिहिता येत नव्हतं ते सगळे त्यांच्याकडे यायचे. आजोबांची एक सवय होती. प्रत्येक अर्जाची एक नक्कल काढून ते पत्र्याच्या पेटीत ठेवत. मी शाळेत असताना एकदा विचारलं, "आजोबा, यातले मंजूर किती झाले?" ते हसले. म्हणाले, "फार थोडे. पण बाळा, अर्ज फेटाळला तरी नक्कल राहते. आपण काय म्हणत होतो, ते कुठंतरी लिहिलेलं राहतं."

त्या वेळी मला ते म्हाताऱ्या माणसाचं समाधान वाटलं. पुढं इतिहास वाचत गेलो, विशेषतः इंग्रज आणि पोर्तुगीज राजवटीतल्या लष्करी कोर्टांचा, तेव्हा आजोबांच्या बोलण्याचा अर्थ हळूहळू कळला. लष्करी कोर्टानं शिक्षा दिली, तर तिच्यावर दाद कुणाकडे मागायची? ज्यांनी ती मागितली त्यांच्या हाती काय लागलं? आणि ज्यांनी मागायचंच नाकारलं, त्यांचं काय झालं?

सुरुवात आमच्याच समोरच्या किनाऱ्यावरून करतो. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मुंबईच्या एस्प्लनेडवर, म्हणजे आज जिथं आझाद मैदान आहे त्या परिसरात, दोन हिंदी शिपायांना तोफेच्या तोंडी देण्यात आलं. एकाचं नाव सय्यद हुसेन, दुसऱ्याचं मंगल गाडिया. उठावाचा कट केल्याचा आरोप, लष्करी कोर्टापुढं खटला आणि जमलेल्या लोकांसमोर अंमलबजावणी. अपील नावाची गोष्ट यात कुठंच नव्हती. कोर्टमार्शलचा निकाल मंजुरीसाठी वरच्या लष्करी अधिकाऱ्याकडे जातो. त्यानं सही केली की शिक्षा पक्की होते. न्याय देणारा लष्कराचा, तपासणारा लष्कराचा आणि अंमल करणाराही लष्कराचा.

इथं एक फरक लक्षात घ्यायला हवा. कोर्टमार्शल हे सैनिकांसाठी असतं. सैन्यात भरती होणारा माणूस ती शिस्त पत्करून येतो. फौजी कायदा, ज्याला आपण सरसकट 'मार्शल लॉ' म्हणतो, तो वेगळा. तो पुकारला की तुमच्याआमच्यासारखी साधी माणसं, विणकर, दुकानदार, संपादक, थेट लष्करी अधिकाऱ्यापुढं उभी केली जातात. त्या माणसांनी कोणतीही शिस्त पत्करलेली नसते. म्हणून खरा पेच इथं उभा राहतो.

हा पेच इंग्रजांच्याच राज्यात, त्यांच्याच न्यायाधीशांपुढं, फार पूर्वी आला होता. १७९८ साली आयर्लंडच्या बंडात वुल्फ टोन नावाचा पुढारी पकडला गेला. डब्लिनच्या लष्करी कोर्टानं त्याला फाशी सुनावली. त्याच्या बाजूनं करन नावाचा नामांकित वकील धावत मुलकी न्यायालयात गेला. त्याचं म्हणणं साधं होतं. शहरात नेहमीची न्यायालयं उघडी आहेत, न्यायाधीश आपापल्या आसनांवर बसलेले आहेत, टोनला इंग्रज सैन्यातलं कोणतंही पद नाही. मग लष्करानं त्याचा न्याय करायचा कोणत्या अधिकारानं? सरन्यायाधीश लॉर्ड किलवॉर्डन यांनी ते मानलं आणि कैद्याला न्यायालयापुढं आणा, असा हुकूम काढला. लष्करानं आढेवेढे घेतले. तोवर टोननं तुरुंगात स्वतःच्या गळ्यावर वार करून घेतला होता आणि त्यातच तो गेला. माणूस वाचला नाही, पण हुकूम कागदावर राहिला.

शंभर वर्षांनी वारं उलटं फिरलं. बोअर युद्धाच्या वेळी दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीत मराई नावाच्या नागरिकाला लष्करानं पकडलं. त्यानं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागितली. प्रिव्ही कौन्सिल म्हणजे साम्राज्यातल्या सगळ्या वसाहतींसाठीचं शेवटचं कोर्ट. १९०२ साली निकाल लागला तो असा : जिथं प्रत्यक्ष युद्ध चालू आहे तिथं लष्कराच्या कामात मुलकी न्यायालयांनी हात घालायचा नाही, मग शेजारच्या गावी न्यायालयं उघडी असली तरीही. हे मराई प्रकरण पुढं सरकारी वकिलांच्या फार उपयोगी पडलं.

आपल्या देशात या प्रश्नानं तोंड वर काढलं ते पंजाबात. १९१९ च्या एप्रिलमध्ये अमृतसरला जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर आलेल्या फौजी कायद्यात खास कमिशनं बसवली गेली आणि त्यांच्या शिक्षांवर अपिलाची सोय नव्हती. बग्गा आणि त्याच्या सहआरोपींचं प्रकरण तरीही प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचवण्यात आलं. १९२० साली ते फेटाळलं गेलं. व्हाइसरॉयला वटहुकूम काढायचा अधिकार आहे, त्या वटहुकमानं कमिशन नेमलं आहे, मग आम्ही काय करणार, असा त्या निकालाचा एकूण सूर होता.

आता आपल्या मातीतल्या प्रकरणाकडे येतो. साल १९३०. मिठाचा सत्याग्रह चालू होता. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. सोलापूर तेव्हाही गिरण्यांचं गाव, मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या कामगारांचं. ८ मे रोजी लोक शिंदीची झाडं तोडायला निघाले. गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण पडला. मग जमाव बेफाम झाला. कोर्टाची इमारत जळली, पोलीस मारले गेले. पोलीस गावाबाहेर निघून गेले आणि काही दिवस सोलापूर इंग्रजी अंमलाबाहेर राहिलं. सोलापूरकर ते दिवस आजही अभिमानानं सांगतात. १२ मेच्या रात्री फौजी कायदा पुकारला गेला. लगोलग 'सोलापूर मार्शल लॉ'चा वटहुकूम निघाला आणि हा कायदा ३० जूनपर्यंत चालला.

त्या सात आठवड्यांत काय काय गुन्हा ठरलं, ते पाहा. राष्ट्रीय झेंडा हातात धरणं हा गुन्हा झाला. गांधी टोपी घालणाऱ्याची खैर नव्हती. नगरपालिकेवर झेंडा लावल्याच्या प्रकरणात अध्यक्ष माणिकचंद शहा यांच्यावरही कारवाई झाली. रामकृष्ण जाजू यांच्यासारख्या पुढाऱ्यांना लष्करी कोर्टानं वर्षानुवर्षांच्या सक्तमजुरीवर पाठवलं. खटले झटपट उरकले जात. लष्करी अधिकारी न्यायाधीश आणि शिक्षा मात्र सेशन्स कोर्टाला शोभतील एवढ्या मोठ्या.

फौजी कायदा उठला. गिरण्यांचे भोंगे वाजू लागले, कोर्टं उघडली. पण तुरुंगात गेलेली माणसं तुरुंगातच राहिली. आता प्रश्न असा, की कायदा उठल्यावर त्यानं दिलेल्या शिक्षेला आधार काय? शिक्षा झालेल्यांपैकी काहींनी मुंबई हायकोर्टात अर्ज केले. आम्हाला कोणत्या कायद्यानं डांबलं आहे ते न्यायालयानं तपासावं, अशी त्यांची मागणी होती. कायद्याच्या पुस्तकांत हे प्रकरण 'चन्नप्पा शांतीरप्पा' या नावानं ओळखलं जातं. सर जॉन ब्यूमाँट त्याच वर्षी मुंबईचे सरन्यायाधीश झाले होते. एकट्यादुकट्या न्यायाधीशानं नव्हे, तर मोठ्या पीठानं हा अर्ज ऐकला.

वादाचा गाभा असा होता. फौजी कायदा 'गरजेपोटी' येतो, असं इंग्रजी कायदा मानतो. घराला आग लागली की शेजारी दार फोडून आत शिरतो, तसा. पण आग लागली होती का, आणि विझल्यावरही दार फोडत राहायची गरज होती का, हे ठरवायचं कुणी? दार फोडणाऱ्यानंच? की तिऱ्हाइतानं, म्हणजे न्यायालयानं? हा प्रश्न चन्नप्पांच्या अर्जामुळं मुंबईच्या हायकोर्टात उघडपणे विचारला गेला. अर्ज मात्र मान्य झाले नाहीत. व्हाइसरॉयच्या वटहुकमानं त्या शिक्षांवर कायद्याचं शिक्कामोर्तब केलं होतं, ते आडवं आलं. गंमत बघा, त्या काळच्या कायद्याप्रमाणं वटहुकमाचं आयुष्य जास्तीत जास्त सहा महिन्यांचं. म्हणजे वटहुकूम सहा महिन्यांत मरायचा आणि त्यानं पावन केलेली शिक्षा वर्षानुवर्षं जगायची.

मला या नावाबद्दल विलक्षण जिव्हाळा वाटतो. चन्नप्पा शांतीरप्पा. सोलापूरच्या चौकात त्याचा पुतळा नाही. पण फौजी कायद्यावर कुठंही चर्चा निघाली की कायद्याचे अभ्यासक हे नाव घेतात. त्याचा अर्ज फेटाळला गेला आणि नक्कल राहिली.

त्याच सोलापूरची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर लष्करी कोर्ट वाईट आणि मुलकी कोर्ट चांगलं, असा सोपा हिशेब होईल. मल्लाप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांवर पोलिसांच्या हत्येचा खटला झाला तो लष्करी कोर्टात नव्हे, सेशन्स कोर्टात. तिथं वकील होते, साक्षीपुरावा होता, फाशीला हायकोर्टाची मान्यता घ्यावी लागत होती. ती घेतली गेली. तरीही १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांनाही फाशी झाली. कुर्बान हुसेन विशीतला तरुण, कामगारांत काम करणारा, 'गझनफर' नावाचं पत्र चालवणारा. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. सोलापूरच्या चौकात चौघांचे पुतळे एकत्र आहेत. मी त्यांच्यापुढं उभा राहतो तेव्हा आमच्या समाजाचं म्हणून एकाकडे वेगळं पाहावं, असं मनात येत नाही. चौघांनी एकाच दिवशी एकाच तुरुंगात जीव दिला, ते वेगळे काढायचे तरी कसे?

म्हणजे अपिलाची सोय असली की न्याय मिळतोच, असं नाही. मग सोय असून काय उपयोग? या प्रश्नाचं उत्तर मला आमच्या शेजारच्या चिरनेरनं दिलं. मोऱ्यापासून चिरनेर फार लांब नाही. त्याच १९३० साली २५ सप्टेंबरला तिथं जंगल सत्याग्रह झाला. अक्कादेवीच्या रानात पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ सत्याग्रही गेले. त्या धुमाळीत मामलेदारही प्राणाला मुकले. सरकारी अधिकारी मेला होता, म्हणजे सरकारला हवा असता तर फौजी कायद्याला बहाणा होता. पण तो इथं पुकारला गेला नाही. गावकऱ्यांवर खटला चालला तो मुलकी कोर्टात. आजोबा सांगायचे, त्या दिवसांत गावागावांत भीती होती, घरातले पुरुष रानात लपत होते. पण वकील गाठता येत होता. साक्षीदाराला उलट विचारता येत होतं. बायका आपल्या माणसाचं काय झालं, हे कचेरीत जाऊन विचारू शकत होत्या. सोलापूरच्या बाईला मे-जून महिन्यात ते शक्य नव्हतं. मुलकी कोर्टात न्यायाची खात्री नसते, पण तिथं विचारता येतं, एवढा फरक असतो. ज्याच्या घरातला माणूस आत आहे त्याला विचारा, हा फरक केवढा मोठा आहे ते.

याच सुमाराला खेडचा एक मराठी तरुण लाहोरच्या तुरुंगात होता. शिवराम हरी राजगुरू. भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांचा लाहोर कटाचा खटला चालवायला व्हाइसरॉयनं १ मे १९३० रोजी वटहुकूम काढून तीन न्यायाधीशांचं खास न्यायासन नेमलं. ते लष्करी नव्हतं, पण लष्करी कोर्टाचं मुख्य लक्षण त्यात होतं : त्याच्या निकालावर हायकोर्टात अपील नाही. ७ ऑक्टोबरला तिघांना फाशी सुनावली गेली. बचावाच्या बाजूनं प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपुढं नेण्यात आलं. तिथं डी. एन. प्रिट या वकिलानं विचारलं, की देशात अशी कोणती आणीबाणी होती म्हणून हा वटहुकूम काढावा लागला? फेब्रुवारी १९३१ मध्ये उत्तर आलं : आणीबाणी आहे की नाही, हे ठरवणारा गव्हर्नर जनरल एकटाच, न्यायालयानं त्यात पडायचं नाही. २३ मार्चला तिघेही फासावर गेले. चन्नप्पाच्या अर्जातला आणि राजगुरूच्या अर्जातला प्रश्न एकच होता. गरज आहे, असं म्हणणाऱ्याला 'दाखवा' म्हणायचा हक्क कुणाला आहे की नाही?

कायद्याचं दार बंद झालं की लोक काय करतात, हे १९४५ साली दिल्लीच्या लाल किल्ल्यात दिसलं. आझाद हिंद सेनेचे शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लन यांच्यावर ५ नोव्हेंबरला कोर्टमार्शल सुरू झालं. त्यांच्या बचावाला उभे राहिले मुंबईचे भुलाभाई देसाई. गुलाम देशाच्या माणसांना आपल्या स्वातंत्र्यासाठी युद्ध करायचा हक्क आहे, असं त्यांनी लष्करी अधिकाऱ्यांना समोरासमोर सुनावलं. कोर्टानं तिघांना दोषी ठरवलं, काळ्या पाण्याची शिक्षा दिली. अपील नव्हतंच. पण वर्तमानपत्रांनी तो खटला घराघरांत नेला होता, गावोगाव सभा होत होत्या. अखेर मंजुरीच्या सहीसाठी कागद सरसेनापती ऑकिनलेक यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी काळ्या पाण्याची शिक्षा माफ केली. ३ जानेवारी १९४६ रोजी तिघे सुटले. लोकांनीच दाद मागितली होती, आणि ती दिली एका सेनापतीनं.

आमच्या लहानपणी मोठी माणसं सांगत, की भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटी सुटायच्या आणि गोव्यालाही बोट जायची. त्या बोटीच्या दुसऱ्या टोकाला, पणजीला, १९४७ नंतरही परकी लष्करी कोर्टं भरत होती. इंग्रज गेले तरी आपल्या शेजारी हा प्रश्न आणखी चौदा वर्षं जिवंत होता, हे आपण विसरतो.

डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावला सभा घेतली. त्यानंतर त्रिस्ताव द ब्रागांझ कुन्हा यांना पोर्तुगीजांनी लष्करी न्यायासनापुढं उभं करून आठ वर्षांची शिक्षा दिली आणि थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं. पुढं १९५५ चा सत्याग्रह आला. मे महिन्यात नानासाहेब गोरे पहिल्या तुकडीबरोबर सरहद्द ओलांडून गेले. त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. मधू लिमये जुलैमध्ये गेले. डिसेंबरमध्ये त्यांना बारा वर्षांची शिक्षा झाली. गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत आहे, असं लिस्बनचं म्हणणं. त्यामुळं गोव्यात 'जय हिंद' म्हणणं म्हणजे त्यांच्या लेखी राष्ट्राचे तुकडे करणं.

त्या लष्करी कोर्टाच्या वर अपिलाची वाट होती, पण ती सात समुद्र ओलांडून लिस्बनला जायची. पोर्तुगीज कायदा शिकलेले गोमंतकीय वकील धोका पत्करून आरोपींच्या बाजूनं उभे राहिले, त्यांचं धाडस मोठं होतं. मधू लिमये यांनी मात्र बचावही केला नाही आणि अपीलही केलं नाही. तुमचं कोर्टच मी मानत नाही, मग त्याच्यावरचं कोर्ट तरी कसं मानू, असा या वागण्याचा सरळ अर्थ. गांधीजींनी १९२२ साली अहमदाबादच्या कोर्टात गुन्हा कबूल करून जी वाट दाखवली, तिचंच हे पुढचं वळण. गोरे, लिमये आणि त्यांचे सोबती १९५७ साली सुटले ते कोर्टाच्या निकालानं नव्हे, पोर्तुगीज सरकारच्या माफीनं.

मग बरोबर कोण? अर्ज करणारा चन्नप्पा, की अर्ज न करणारे लिमये? मी बरीच वर्षं या प्रश्नाशी झटत होतो. आता वाटतं, दोघंही एकच गोष्ट सांगत होते. एकानं विचारलं, 'तुम्हाला हा अधिकार दिला कुणी?' दुसऱ्यानं न विचारता सांगून टाकलं, 'तुम्हाला हा अधिकार नाही.' पण एक फरक उरतो. लिमये यांच्यामागं पक्ष होता, संसद होती, स्वतंत्र देश होता. सोलापूरच्या साध्या माणसामागं एक अर्ज तेवढा होता. न मागण्याची ताकद सगळ्यांकडे नसते. म्हणून मागायची जागा असावी लागते.

गोव्याच्या कथेतला सगळ्यांत चटका लावणारा माणूस म्हणजे मोहन रानडे. मूळचे सांगलीकडचे, गोव्यात मराठी शिकवायला गेले आणि सशस्त्र लढ्यात उतरले. १९५५ साली पकडले गेले, लष्करी कोर्टानं सव्वीस वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांना पोर्तुगालला नेलं. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. ज्या कोर्टानं शिक्षा दिली ते कोर्ट उठलं, ज्या राज्याविरुद्ध गुन्हा ते राज्य गोव्यातून गेलं. रानडे मात्र कॅशियाशच्या किल्ल्यात होते. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात चळवळ झाली, सुधीर फडके यांच्यासारखे कलावंत त्यात धडपडले. १९६८ साली तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई रोमला पोपना भेटले, तेव्हा त्यांनी मागणं मागितलं ते या मराठी माणसाच्या सुटकेचं. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. कोर्टाचं दार नसलं की दाद मागायला माणसाला किती लांब जावं लागतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. पणजीच्या शिक्षेसाठी मद्रासच्या माणसाला रोमला जावं लागलं.

ही सगळी परक्यांच्या राज्यातली गोष्ट झाली, आता आपलं राज्य आहे, असं म्हणून थांबता आलं असतं. पण इतिहास तिथं थांबत नाही. आपल्या घटनेनं नागरिकाला सुप्रीम कोर्टात आणि हायकोर्टात मूलभूत हक्कांसाठी दाद मागायचा अधिकार दिला. चन्नप्पाला जे मिळालं नाही ते आपल्याला मिळालं. मात्र त्याच घटनेच्या १३६ व्या कलमात सुप्रीम कोर्टाच्या खास परवानगीनं अपील करायची जी सोय आहे, तिच्यातून लष्करी न्यायासनं वगळली आहेत. ३४ व्या कलमात फौजी कायद्याखाली दिलेल्या शिक्षा संसदेला कायदेशीर ठरवता येतील, अशी तरतूद आहे. सोलापूरच्या वटहुकमाची सावली या कलमात मला दिसते. १९८२ साली पृथ्वीपालसिंग बेदी यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानंच खंत व्यक्त केली, की कोर्टमार्शलच्या शिक्षेवर एकही अपील नसावं, हे बरं नाही. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २००७ साली, सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला आणि आपल्या जवानाला अपिलाचं दार उघडलं. त्याचं एक पीठ मुंबईतही आहे.

अपील का लागतं, हे अलीकडे एका मराठी घरानं सोसलं. कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी कोर्टानं २०१७ साली फाशी सुनावली. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १७ जुलै २०१९ रोजी त्या न्यायालयानं सांगितलं, की या शिक्षेचा खराखुरा फेरविचार झाला पाहिजे आणि तोवर फाशी देता येणार नाही. पाकिस्तानला मग हायकोर्टात फेरविचाराची तरतूद करणारा कायदा करावा लागला. तेव्हा आपण सगळे एका सुरात म्हणालो, की लष्करानंच पकडायचं, लष्करानंच ठरवायचं, हा न्याय नव्हे. ते बरोबरच होतं. फक्त ते वाक्य आपण दुसऱ्यांसाठी राखून ठेवू नये, एवढीच माझी विनंती आहे. कुठल्याही राज्यात, कुठल्याही झेंड्याखाली, ते तितकंच खरं असतं.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून आमच्या बाजूला येणारा अटल सेतू सुरू झाला आणि त्याच दिवशी उरणला रेल्वेही आली. गावात आनंद होता. मीही गर्दीत उभा होतो. तारीख कानावर पडली आणि मला येरवड्याचे चौघे आठवले. बरोबर ९३ वर्षं झाली होती. आता मोऱ्याहून मुंबईच्या हायकोर्टात जायला लाँचच्या भरती-ओहोटीची वाट पाहावी लागत नाही. वाट सोपी झाली आहे. त्या वाटेच्या शेवटी दार उघडं राहील, याची काळजी मात्र आपल्यालाच घ्यायची आहे.

आजोबांची पत्र्याची पेटी अजून माझ्याकडे आहे. कागद पिवळे पडले आहेत, शाई फिकी झाली आहे. कुणाच्या मिठागराचं भाडं, कुणाची जप्त झालेली होडी, कुणाचा न परतलेला मुलगा. बहुतेक अर्ज नामंजूरच झाले असतील. पण प्रत्येक कागदावर आजोबांच्या वळणदार मोडीत एक शब्द ठळक आहे : 'म्हणणे'. त्याच्यापुढं त्या माणसाचं म्हणणं लिहिलेलं आहे. कधीकधी रात्री पेटी उघडतो आणि एखादा कागद मोठ्यानं वाचतो. ज्याला कोर्टात दाद मिळाली नाही, त्याला निदान ऐकणारा एक माणूस तरी मिळावा म्हणून.